बेंबी सरकली नव्हती

“गाठ अंडाशयाची आहे, आणि मला ती साधी वाटत नाही,” यवतमाळच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघायचं सोडून शेजारी बसलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, शकूबाईंकडे बघितलं. आमच्या घरात काय होणार ते आधी त्यांच्या चेहऱ्यावर कळतं. त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

“म्हणजे कॅन्सर?” त्यांनीच विचारलं.

“शक्यता मोठी आहे. पण तुम्ही लवकर आलात.”

लवकर कसलं! दिवाळीपासून माझं पोट फुगत होतं. चार घास खाल्ले की गच्च वाटायचं. ओटीपोट ठणकायचं, घडीघडी लघवीला लागायचं. हातपाय वाळत चालले होते आणि पोट तेवढं वाढत होतं. बायांनो, हे सगळं इतकं रोजचं वाटतं की त्याला दुखणं म्हणायचीही लाज वाटते.

दिग्रसजवळच्या आमच्या गावात पोटाचं काहीही बिघडलं की एकच निदान असतं, बेंबी सरकली. शकूबाईंचा तर त्यावर देवाइतका विश्वास. त्यांनी मला पोट चोळणाऱ्या बाईकडे नेलं. बाईंनी तेल लावून बेंबी जागेवर आणली. ती पुन्हा सरकली, त्यांनी पुन्हा आणली. मधल्या काळात मी गॅसच्या गोळ्याही खाल्ल्या.

मग कापूस वेचणी आली. वेचताना आम्ही कमरेला ओटी बांधतो, तिच्यात कापूस टाकत जातो. माझ्या ओटीची गाठ बसेना. वेचता वेचता मी सारखी तुरीआड जायची. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा शकूबाई ताठ उभ्या राहिल्या.

“निर्मला, बेंबी सरकली तं लघवी काहून लागून राह्यली घडीघडी?”

“मले का मालूम, बाई?”

“मलेही नाही मालूम. म्हणून तं दवाखान्यात जाऊ.”

आमच्या यांचं म्हणणं पडलं, मजूर मिळत नाहीत, वेचणी होऊ द्या. शकूबाई दिराला कधी उलटून बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. “भाऊजी, कापूस काही पयून नाही जात झाडावरून.” दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी यवतमाळच्या एसटीत होतो.

सोनोग्राफी म्हणजे यंत्र फिरवून पोटाच्या आतलं चित्र बघतात. त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची असते. माझ्यासारखीला ही शिक्षाच! शकूबाई एका हाताने बाटली पुढे करत आणि दुसऱ्या हाताने माझा पदर धरून ठेवत. रांगेतल्या बाया हसत होत्या. नंतर सीए-१२५ ही रक्ताची तपासणी झाली. तिचा आकडा वाढला तर शंका बळावते, पण नुसत्या तिच्यावरून पक्कं काही ठरत नाही. मग सीटी स्कॅन, आणि शेवटी नागपूरला ऑपरेशन. गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली.

मला मरणाची भीती वाटत होती, हे सरळच सांगते. बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. कॅन्सरच निघाला, पण आजार अंडाशयाबाहेर गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, “पहिली स्टेज आहे. थोडे केमोचे डोस देऊ, म्हणजे उरलासुरला रोग मारणारं औषध शिरेतून.” त्यात केस गेले. “बरं झालं, तुयं तेल वाचलं,” शकूबाई म्हणाल्या आणि आपलाच रुमाल माझ्या डोक्याला बांधून दिला.

सुट्टी देताना डॉक्टरांनी बजावलं, “हा आजार कधी कधी रक्ताच्या नात्यातून येतो. बहीण असेल तर तिला सांगा.”

माझी धाकटी बहीण सुनंदा मुकुटबनला असते. तिला सांगायला माझी जीभ उचलेना. कसंबसं फोनवर सांगितलं.

“ताई, माहं बी पोट फुगते गं. पण गॅस असन.”

मी ते तसंच शकूबाईंना सांगितलं. शकूबाईंनी हातातून फोन घेतला. “सुनंदा, आमी दोघी येऊन राह्यलो. आन् कोणाच्या हातून पोट नको चोळून घेऊ.”

सुनंदाला आम्ही वणीला दाखवलं. ती आत गेली आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. मी घडीघडी दाराकडे बघत होते. शकूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, बहुतेक देवाला दम देत होत्या.

सुनंदा बाहेर आली. मागोमाग डॉक्टर आल्या. “सोनोग्राफी साफ आहे. अधूनमधून दाखवत जा. पण आत्ता जे फुगतंय ना, तो खरंच गॅस आहे.”

शकूबाईंनी तिथेच हात जोडले. एवढ्या आनंदाने मी आजवर कुणाच्या गॅसची बातमी ऐकली नव्हती.