राशीवरचा दगड

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचून फक्त हसलोय. पाटोद्यात माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. नळीतून पाणी आलं नाही तर कुठेतरी कचरा अडकलेला असतो, एवढंच माझं तत्त्वज्ञान. भूत, चकवा, लागीर... यातलं काही मानत नव्हतो, आणि आजही मानतो असं म्हणणार नाही. पण जे झालं ते सांगतो. त्यात माझीच लाज जाणार आहे, हे आधीच कबूल करतो.

मला दहा-बारा वर्षांपासून लांब चालायचं वेड आहे. पाठीवर सॅक, चार-पाच दिवस, डोंगरकडेने. पाटोद्याहून बालाघाटाच्या डोंगरांतून तेलगाव आणि पुढे सिरसाळा, अशी पाच दिवसांची वाट मी तीन वर्षं खपून जुळवली. पाणी कुठे आहे, कुठल्या देवळात पथारी टाकता येते, सगळं वहीत लिहिलेलं.

मग हे खूळ माझ्या मेव्हण्याने उचललं. संतोष, बायकोचा धाकटा भाऊ. बूट एक नंबर मोठे घ्यायचे, जड सामान पाठीला चिकटून भरायचं, फोड यायच्या आधी, नुसतं चुरचुरलं की टेप लावायचा, हे सगळं मी शिकवलं. दोन वर्षांत गडी माझ्या पुढे! चालतो भराभर, बोलतो गोड, व्हिडिओ टाकतो. लोक मला विचारायला लागले, "संतोषभाऊंचे दाजी का तुम्ही?" जळफळाट व्हायचा माझा. खोटं कशाला बोलू?

गेल्या जानेवारीत मी ती वाट चालायचं ठरवलं, तर तोही निघाला. बायकोने धपाटे बांधून दिले, त्याच्या डब्यात दोन जास्त. मी मोजले. निघण्याआधी दोन्ही सॅक दुकानातल्या काट्यावर ठेवल्या. माझी नऊ किलो, त्याची अकरा. (वजन केल्याशिवाय कधी निघू नका. घरी दोनशे ग्रॅम वाटतं ते घाटात दोन किलो होतं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी एक घाट चढलो. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा संतोष एका म्हाताऱ्या मेंढपाळाशी निवांत गप्पा मारत बसला होता. शेजारी कमरेइतकी दगडांची रास.

"चढून आलं की येक दगड हितं ठिवायचा," म्हातारा म्हणाला. "शीण हितंच ऱ्हातो. आमी मेंढरं घिऊन येतो तवा ठिवतोच."

"आणि राशीतला उचलला तर?" मी विचारलं.

"कावून उचलायचा? दुसऱ्याचा शीण हाय त्यो."

संतोषने दगड ठेवला, हात जोडले. मी नाही ठेवला. मग त्याने मोबाईल काढला आणि सुरू केलं, "मंडळी, ही आपली वाट लई भारी हाय..."

आपली? माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

तो बाटल्या भरायला म्हाताऱ्यासोबत हापशावर गेला. मी राशीतला नारळाएवढा, पांढरी रेघ असलेला दगड उचलला आणि त्याच्या सॅकच्या तळाशी, चादरीखाली सरकवला. मला दुसरं काही नको होतं. फक्त त्याने एकदा म्हणावं, "दाजी, थांबा जरा." बस्स.

घाट उतरून तासभर झाला नसेल, माझे खांदे भरून आले. संतोष शिट्टी वाजवत पुढे. माझ्या सॅकचे पट्टे मांसात रुतायला लागले. बहाणा करून सॅक रिकामी केली, झटकली. काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी धपाटे संपले, भेळ संपली, ओझं मात्र वाढतच होतं. दर अर्ध्या तासाला मीच म्हणत होतो, "संतोष, थांब जरा."

चौथ्या दिवशी दुपारी तेलगावला पोचलो. रस्त्याकडेला एक व्यापारी कापूस मोजून घेत होता. मी सॅक त्याच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो!

"दाजी, काय भरलंय यात?" म्हणत संतोषने ती एका हाताने उचलली आणि परत ठेवली. सात.

मी ठेवली. चौदा. त्याने ठेवली. सात.

"कावून हो, हातानं दाबताय का?" व्यापारी वैतागला. "आमच्याकडं मापात पाप न्हाई."

मी दोन्ही हात वर केले. आकडा चौदाच. अशी चार वेळा मोजली, कापूस घेऊन आलेली माणसं बघायला गोळा झाली. माझ्या तोंडातून निघून गेलं, "संतोष, तुझ्या सॅकमध्ये..."

"दगड ना? हाय की," तो म्हणाला. "त्याच दिशी संध्याकाळी घावला."

"मग टाकला का नाहीस?"

त्याने आवाज खाली आणला. "तुमाला घाटात दम लागलता. मला वाटलं, सांगायला लाज वाटली आसंल, म्हनून तुमी तुमचा शीण माज्या सॅकमधी ठिवला. म्हनलं, आसू दे, दाजींचाच हाय. नेऊ सिरसाळ्यापर्यंत."

मला वर बघवेना. खरं काय ते सगळं तिथेच सांगितलं. त्याने दगड काढून माझ्या हातात दिला. "जावा, ठिवून या जागच्या जागी. मी होतो म्होरं."

एसटी, मग टमटम, मग घाट पायी. तो दगड मांडीवर घेऊन बसलो तर पाय बधिर झाले. मेंढपाळ तिथे नव्हता. दगड राशीवर ठेवला. मग उतारावरचा एक आणून माझाही ठेवला आणि कुणी बघत नाही हे बघून हात जोडले. घरी आल्यावर दुकानातल्या काट्यावर सॅक ठेवली. सात किलो.

माझी वाट संतोषने एकट्याने पुरी केली. सिरसाळ्यात त्याने व्हिडिओ टाकला, "ही वाट माज्या दाजींनी शोधली." दगडाचा उल्लेखही केला नाही. बायकोने तो व्हिडिओ मला तीनदा दाखवला.

त्या व्यापाऱ्याने काटा तपासून घेतला म्हणे, काही बिघाड नव्हता. याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर सांगा. पण त्याहून एक गोष्ट मला छळते. तोच दगड संतोषने अडीच दिवस पाठीवर वाहिला, तोही माझा समजून. त्याला का जड झाला नाही?

त्याचाही मला हेवाच वाटतो.