सहा दिवसांची गैरहजेरी

जाईबाईने मला सहा वर्षांत एकदाही पाणी विचारलेलं नाही. वर्तकनगरच्या मागे डोंगराच्या पायथ्याला तिची चाळ आहे. तिथे मी चारदा गेलो आणि चारही वेळा उंबऱ्याबाहेरूनच परतलो. बाई तोंडाने फटकळ, नजरेने त्याहून. मलाही ती आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. जिच्यासमोर आपण खोटे पडलो, ती आवडणार कशी?

मी सुधीर, जंगलखात्याच्या एका कचेरीतला निवृत्त कारकून. रोजंदार मजूर आम्हाला भाऊसाहेब म्हणायचे. जाईबाईचा नवरा बाबुराव त्यातलाच एक. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा काढायची, म्हणजे गवत कापून आगीला अडवणारा पट्टा मोकळा करायचा, आणि वणवा लागलाच तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवायचा, हे त्याचं काम. पंप नाही, बूट नाहीत. डहाळी तुटली की दुसरी तोडायची.

सहा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका गुरुवारी डोंगर पेटला. चौघे वर गेले. दुपारी वारा फिरला आणि आग ओहोळातून वर चढली. तिघांना बाबुरावने कातळाकडे पिटाळलं, तो स्वतः मागे राहिला. संध्याकाळी त्याला झोळीतून खाली आणलं. शुक्रवारी अंत्ययात्रा निघाली, तिला मीही गेलो होतो.

आता मस्टरचं, म्हणजे हजेरीपटाचं सांगतो. डोंगरावरचे मजूर रोज कचेरीत उतरू शकत नाहीत, म्हणून शनिवारी येऊन आठवड्याच्या सहाही दिवसांच्या सह्या एकदम करायचे. ज्याची सही नाही, तो गैरहजर. त्या शनिवारी तिघांनी सह्या केल्या. बाबुरावची ओळ कोरी राहिली. मी साहेबांना विचारलं. ते फायलीतून मान वर न काढता म्हणाले, "सही नाही ना? मग नियमाप्रमाणे करा." मी लाल पेन घेतलं आणि सहाही रकान्यांत गैरहजर मांडलं. सोमवार, मंगळवार, बुधवार तो माणूस जिवंतपणी त्या डोंगरावर घाम गाळत होता. तेही दिवस पुसले.

गैरहजर माणूस कामावर मरत नाही. तो आपल्या मर्जीने जंगलात गेला आणि भाजून मेला, असं कागदावर ठरलं. तिघांनी खरं सांगितलं, पण मस्टरपुढे रोजंदाराचा शब्द कोण ऐकतो? तेव्हा मी कानावर हात ठेवले.

अकरा सप्टेंबरला वनशहीद दिन असतो. कचेरीच्या आवारातल्या काळ्या दगडावर नावं कोरलेली आहेत, ती वाचतात, सलामी देतात, मग सामोसे. जाईबाई वागळे इस्टेटमधल्या पॅकिंगच्या कामाचा खाडा करून येते. शेवटचं नाव वाचून झालं की मागून ओरडते, "अजून एक राहिला!" दर वर्षी कुणीतरी तिला दंडाला धरून बाहेर नेतं. निवृत्त मंडळींना पुढच्या खुर्च्या असतात. मी मान वळवायचो नाही.

गेल्या वर्षी नवे साहेब होते. त्यांनी वाचन थांबवून विचारलं, "बाई, काही पुरावा आहे का?"

तिने बोट दाखवलं. "तो काय, पुढच्या खुर्चीत बसलाय. भाऊसाहेबांना विचारा."

अंगावर उकळतं पाणी पडावं तसं झालं. साहेब म्हणाले, "लेखी द्याल का?" चारचौघांत नाही कसं म्हणणार? घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर आलो तर सरोज, माझी बायको, म्हणाली, "चौकशी लागली म्हणजे? सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?" मलाही तेच वाटत होतं. तरी लिहिलं, पण माझ्या अक्षराइतकंच जपून. कागद जाईबाईच्या अर्जाला जोडायचा होता म्हणून तिच्याकडे घेऊन गेलो.

ती दारातच उभी राहून वाचू लागली. आत भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्याखाली बाबुरावचा फोटो. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'चुकून गैरहजेरी मांडली गेली.' हे काय लिवलंय?"

"तसं लिहावं लागतं, बाई."

"शुक्रवारी तुम्ही आलेलात ना मयताला?"

"आलेलो."

"माती बघितलीत त्याची?"

"हो."

"मग शनिवारी चुकलात कुठे? तो मेलाय हे तुम्हाला ठाऊक होतं. खोडा ते."

मी म्हणालो, "बाई, हे खोडलं तर सगळं माझ्यावर येईल."

"येऊ दे. पाच वर्षं माझ्यावर होतं."

शेजारणी दारात आल्या होत्या. मला तिचा भयंकर राग आला. राग यायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, त्याचाही आला. कागद गुडघ्यावर ठेवून मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: बाबुराव कामावर मेला हे माहीत असूनही मी त्याला गैरहजर मांडलं. तिने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मग घडी घालून पिशवीत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

माझी चौकशी लागली, अजून चालू आहे. सरोज आठवण करून देते.

या अकरा सप्टेंबरला दगडावर शेवटचं नाव बाबुरावचं होतं. अक्षरं नवी, पांढरी. मी पुढे न बसता मागे उभा राहिलो होतो. नाव वाचलं, सलामी झाली. या खेपेला कुणी ओरडलं नाही. जाईबाईने दगडावरून हात फिरवला, आणि लोकांना बाजूला सारत सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, झालं गेलं विसरा म्हणेल. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "शनिवारी नव्हता आला तो. आज आलाय. मांडा आता हजर."

खिशात पेन होतं. माझा हात काही तिथवर गेला नाही.