दादाला दिलेलं खोटं कारण

दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे फोनवरून पाहिलं. दादा साताऱ्याला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. मी इथे आखातात, रुवैसला, रिफायनरीत पाइपिंग इंजिनीअर. आमचा रक्तगट एकच. आई थकलेली, वहिनीला शुगर. राहिलो मी.

मी म्हणालो, "मी फिट नाही."

एकही टेस्ट न करता म्हणालो. वहिनी "बरं भावजी" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून फॅमिली ग्रुपवर माझ्या मेसेजला कुणी उत्तर देईना. लेकीच्या कॉलेजसाठी तिच्यासोबत पुण्याला परत गेलेली बायको विचारायची, "तुला नक्की झालंय तरी काय?" तिला काय कपाळ सांगणार?

सांगतो. लिहितानाही कान गरम होतायत. नववीत पीटीच्या मास्तरांनी आम्हा मुलांना एकत्र बसवून बजावलं होतं, की झोपेत ज्याचं वीर्य जातं त्याच्या किडन्या झिजतात आणि चाळिशीत तो कामातून जातो. माझं तर जात होतं! लग्नानंतर थांबलं, तेव्हा सुटलो म्हटलं. पण बायको परत गेली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ते पुन्हा सुरू झालं. कंबरही धरायला लागली. म्हटलं, झालं, मास्तर बोलले तसंच झालं. असली सडकी किडनी दादाला देऊन त्याला काय मारायचं? आणि टेस्ट केली तर कारण बाहेर येणार, ती भीती वेगळीच.

आठ महिने असे काढले. सकाळी उठून चादर धुवायची. रविवारी एकट्यापुरता कुकर लावायचा आणि तोच भात मंगळवारपर्यंत खायचा. बोलायला माणूस नाही असं नाही, ऑफिसात दिवसभर यल्ला यल्ला, चला आटपा चालूच असतं. पण हे कुणाशी बोलायचं?

मग कंपनीचं वार्षिक मेडिकल आलं. क्लिनिकमधले मल्याळी डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "सब नॉर्मल. किडनी तो फर्स्ट क्लास."

"मशीन बिघडलंय तुमचं," मी म्हणालो, आणि काय झालं कोण जाणे, तोडक्यामोडक्या हिंदीत सगळं भडाभडा ओकून टाकलं.

ते हसले नाहीत. कागदावर आकृती काढून दाखवली. किडनी रक्त गाळते, लघवी बनवते. वीर्य बनतं अंडकोशात आणि मूत्राशयाजवळच्या ग्रंथींत. किडनीचा त्यात काही संबंध नाही. बाहेर पडायची शेवटची लाईन तेवढी कॉमन. झोपेत जाणं हा आजारच नव्हे, बायको लांब असली की या वयातही होतं. "और कमर के लिए कुर्सी बदलो, हबीबी."

मूर्ख, महामूर्ख मी! उभं आयुष्य लोकांची ड्रॉइंगं तपासण्यात गेलं आणि स्वतःच्या अंगातलं ड्रॉइंग पीटीच्या मास्तराच्या भरवशावर पास केलं.

पार्किंगमध्ये, गाडीतूनच दादाला फोन लावला. काही न लपवता सांगितलं. म्हटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

"मास्तरांनी आमच्या बॅचलाही तेच सांगितलेलं," तो म्हणाला. "मला लघवीत फेस दिसायचा. दीड वर्ष. वाटलं, धातूच जातेय. चूर्ण खात बसलो. डॉक्टरकडे गेलो तेव्हा कळलं, तो फेस किडनीचा होता; तोवर बीपीनं दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या."

"दादा, मला तरी सांगायचंस!"

"तू सांगितलंस का?"

सोळा वर्षं आम्ही एका खोलीत शेजारी शेजारी अंथरुणं घालून झोपलो होतो. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडलो, आणि तो पलीकडून ऐकत राहिला.

"मी येतोय," शेवटी म्हणालो. "टेस्ट करून घेऊ."

"ये," दादा म्हणाला. "पण लवकर ये. लाजण्यातच लई वर्षं गेली आपली."