भंडाऱ्याची शपथ

प्रसादाची पुडी सोडली, हळदीचा तो कोरडा वास नाकात गेला, की लोणावळ्याजवळची ती शाळा आठवते. स्वराज्य दाराशी आलं होतं आणि मुलांनी रोज सकाळी देशसेवेची शपथ घ्यायची असं गावानं ठरवलं होतं. मी तिथला तरुण मास्तर, म्हणून ती मीच लिहिली होती: ‘देवाला स्मरून सांगतो, देशाची सेवा करीन, दिलेला शब्द मोडणार नाही.’ काही जणांना ‘देवाला’च्या जागी ‘खंडोबाला’ हवं होतं. पण माझ्या वर्गात रेल्वेत रूळ बदलणाऱ्या मुसलमान सांधेवाल्याची मुलगी होती. तिनं काय म्हणायचं? शाळेला जागा दिलेल्या आबांना हे पटलं. हे ठरवायला गावाची सभा भरणार होती; तिच्या आदल्या दिवशी त्यांनी खंडोबाच्या देवळात माझ्यासमोर शब्द देत भंडारा उचलला. म्हणाले, “मास्तर, देव समद्यांचाच हाय. मी तुमच्या बाजूनं बोलतो, भिऊ नका.” मी निर्धास्त झालो. सभेत आरडाओरडा वाढला तसा मी आबांकडे पाहिलं. ते चंची सोडून सुपारी शोधत राहिले. मग मान वर न करताच म्हणाले, “मास्तर काय, आज हितं, उद्या बदली. पोरं आमची हायती. खंडोबाचंच नाव पायजे.” सभा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी शपथेला ती मुलगी ओठ मिटून उभी राहिली; त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. मी मात्र आजही कुणी भंडारा पुढे केला की आधी त्याच्या हाताकडे बघतो. कारण त्या सकाळी पिवळ्या बोटांनी मुलांच्या कपाळी भंडारा लावत, पहिली शपथ आबांनीच सांगितली होती: “खंडोबाला स्मरून सांगतो, दिलेला शब्द मोडणार न्हाई.”