मिलिंददादांच्या अल्बमवर मी गायले

कार्यक्रम संपला की मिलिंददादा चहाचा कप हातात धरून आम्हा सगळ्यांना विचारत फिरायचे, "माजं कुटं चुकलं?" कुणीतरी चूक सांगेपर्यंत घोट घ्यायचे नाहीत. चूक नसली तर आम्ही एखादी खोटीच सांगायचो, नाहीतर परतीची गाडी निघायची कशी? सोलापुरात आमची भीमगीतांची पार्टी होती. मी गायची, ते गिटार वाजवायचे. दिवसा एका कचेरीत कारकून होते.

दोन कडव्यांच्या मध्ये त्यांच्या वाट्याला आठ मात्रा यायच्या. तेवढ्यात ते असं काही वाजवायचे की मी पुढची ओळच विसरायची. मी चिडले की म्हणायचे, "थांब की जरा. शब्द काय पळून चाललेत व्हय?"

रिटायर झाल्यावर ते सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या घरात दोन वर्षं दार लावून बसले. मग एक दिवस मला पेनड्राइव्ह आणून दिला. "सात तुकडे हायत. सगळं मीच वाजवलंय. ऐक आन् खरं काय ते सांग." आमच्या पार्टीत पेनड्राइव्ह यायचा तो एकाच कामासाठी. त्यात नुसतं वाजवलेलं असायचं, वर आपण गायचं. मी तेच समजले. पंधरा दिवस घाम गाळला. ताल मधेच सटकायचा, मुखडा कुठे धरावा कळेना. पहिल्या तुकड्यावर कसंबसं एक भीमगीत बसवलं आणि दादा-वहिनींना घरी बोलावून मोठ्या हौसेनं गाऊन दाखवलं.

दादांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज चांगला लागलाय," एवढंच म्हणाले. वहिनींनीच मग सांगितलं, "अगं, त्यो त्यांचा अल्बम हाय. जॅझ फ्युजन म्हणत्यात. त्यात गाणारं कुनी नसतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर मी न गाता नुसतं ऐकलं. कितीतरी वेळा. काय चाललंय तेच कळेना. काहीतरी ओळखीचं येतंय असं वाटावं, तोवर ते भलतीकडेच निघून जायचं. चांगलं आहे की वाईट, तेही ठरेना. दादा भेटले की मी विषय बदलायची.

पुढे मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. मी निरोपाला गेले तेव्हा सामान टेम्पोत चढत होतं आणि ते ओट्यावर बसले होते.

"आता तरी सांग, कसा वाटला?"

"लई छान, दादा."

ते म्हणाले, "तीस वर्सं तुज्या मागं वाजवलंय. तुजा सूर खोटा लागला की मला कळतं." मग हळूच म्हणाले, "कळलं न्हाय म्हण की. बाकी कुनी पुरतं ऐकलंबी न्हाय."

तेवढंही म्हणायची मला लाज वाटली. फोन करून सांगू असं ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. चार महिन्यांनी ते गेल्याचाच फोन आला.

परवा सातही तुकडे पुन्हा ऐकले. अजून कळत नाहीत. एवढंच सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि मी मेली 'छान' म्हणून बसले.