इथं जागा सोड

टायपिंगच्या परीक्षेत पहिली आले होते. त्याच गुर्मीत मी एका आईची पोर आठ महिने परमुलखात अडकवून ठेवली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, दोन वेण्या आणि अक्कल जेमतेम अर्धी.

“इथं जागा सोड गो,” हे आमचे चाचा दिवसातून वीसदा म्हणत. धरमतरहून बोटीवर गेलेले चाचा आफ्रिकेत जिबूतीला कारकून झाले आणि म्हातारे होऊन पेणला परतले, तिथल्या कागदांच्या भाषांतराचं दुकान काढून मला टायपिंगला ठेवलं. जिबूती तेव्हा फ्रेंचांकडे. तिथला काझी निकाल अरबीत देई आणि पासपोर्टचा साहेब तोच फ्रेंचमध्ये मागे. चाचा मसुदा लिहीत, मी एकेक अक्षर बघून बडवी. अर्थ कळण्याची अट नव्हती, तेच मला सोसत नसे.

जिथं फ्रेंच शब्द पुरा पडत नसे तिथं ते जागा सोडायला लावत. मग टाकाने तिथं मूळ अरबी शब्द लिहीत आणि खाली चार ओळी खुलासा.

रोह्याची एक बाई आईच्या आजारपणासाठी जिबूतीहून गावी आली, तेवढ्यात तिकडे तिचा नवरा वारला. सहा वर्षांची मुलगी दिराकडे राहिली. काझीने निकाल दिला: मुलीला वाढवायचं आईने, तिचं लग्न आणि मालमत्ता काकाने बघायची.

“मग पोर कुणाची, चाचा?”

“अरबीत हे दोन हक्क, दोन शब्द. फ्रेंच कायद्यात तुकडे असे पडत नाय.”

“म्हणजे आईची?”

“व्हय. आणि नाय.”

खरं सांगते, मला ते अजूनही धड कळलेलं नाही.

चाचा डोळ्यांच्या ऑपरेशनला मुंबईला निघाले. कागदांवर आधीच सही करून म्हणाले, “दोन जागा सोड. आल्यावर भरीन.” इकडे ती बाई एक दिवसाआड रोह्याहून येई, दुकानातल्या बाकावर बसे, संध्याकाळच्या गाडीने परत जाई. मला बघवेना. जुन्या कागदांत ‘पालकत्व’ला एक फ्रेंच शब्द दिसला होता. तोच मी दोन्ही जागी ठोकला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. वर म्हटलं, “चाचा उगाच वेळ लावतात हो!”

तिकडून उत्तर आलं: एका मुलीचे दोन पुरे पालक कसे? निवाडा होईपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील.

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. नवा कागद सगळा हाताने लिहिला आणि बाईला म्हणाले, “चूक माझी.” मी खाली मान घालून मशीन पुसत राहिले. शूर होते ना!

आठ महिन्यांनी मुलगी आली.

चाचा वारल्यावर ती बाई भेटायला आली, तेव्हा दुकानातल्या त्याच बाकावर मी तिच्याजवळ बसले आणि एकदाचं सगळं कबूल केलं. ती म्हणाली, “मला ठाव होतं गो. चाचांनी तवाच सांगितलं, टायपिंगवाली पोर लहान हाय, तिला बोलू नको. नाय बोलले. पन माझ्या लेकीचे पुढचे दुधाचे दात तिकडंच पडले. एक पन माझ्या हातात आला नाय.”