आप्पांचा हीटर गार का पडला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. दारू पीत नाही, नाहीतर तिच्या नावावर कधीतरी ओकून मोकळा झालो असतो. तुम्ही अनोळखी, म्हणून की काय कोण जाणे — तुमच्यापुढं जीभ जरा सैल होतेय. मधेच अडखळलो तर थांबा थोडं. मी इंजिनं खोलणारा माणूस, मला बोलणं जमत नाही.

शिरूरला नगर रस्त्याच्या कडेला माझं ट्रकचं गॅरेज आहे. वडगाव रासाईचे आप्पा माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एकच ट्रक, तोही स्वतः चालवायचे. इकडनं कांदा भरून थेट काश्मीर, येताना सफरचंद. साठी उलटली, शुगर लागली, तरी स्टिअरिंग सोडलं नाही. मी गाडीत काय घातलं, काय काढलं, हे त्यांनी कधी वाकून बघितलं नाही. इतका विश्वास. त्यांची एकुलती एक लेक सुनीता, दौंडला दिलेली. जावई विलास — तोही मिस्त्रीच, माझ्याच हाताखाली शिकलेला. ते स्थळसुद्धा मीच सुचवलेलं. लग्नात आप्पांनी मला फेटा बांधला होता. बघा आता.

तर हीटर. ट्रकच्या केबिनमधल्या हीटरला इंजिनातलंच गरम पाणी लागतं. एका रबरी पाईपनं पाणी जातं, आत एक छोटी जाळी असते ती तापते, दुसऱ्या पाईपनं पाणी परत येतं. एका उन्हाळ्यात आप्पांची ती जाळी गळायला लागली, पायाखाली पाणी. आमच्या भागात यावर एकच इलाज — दोन्ही पाईप इंजिनाजवळ कापायचे आणि मधे एक तुकडा घालून एकमेकांना जोडून टाकायचे. पाणी हीटरकडं जातच नाही. गळती बंद, हीटर मेला. इथं चाळीस डिग्रीत हीटर हवाय कुणाला? सगळेच करतात. पण आप्पांनी बजावलं होतं — "नवी जाळी टाक रं, मला वर बर्फात जायचं असतं." जाळी पुण्याहून मागवावी लागणार होती. मी कंटाळा केला. पाईप जोडले, वर तार पिळली, आणि सांगितलं — झालं काम. मनात होतं, पावसाळ्यानंतर टाकू. मग विसरलो. इथवर चूक म्हणा. माणूस चुकतो, हे मीच मला किती वेळा सांगितलंय!

डिसेंबरात आप्पा कांदा घेऊन निघाले. जाण्याआधी दौंडला विलासकडं क्लचचं काम करून घेतलं. खरं बोलतो — ते मला खुपलं होतं. मी शिकवलेलं पोरगं, आणि माझं गिऱ्हाईक त्याच्या दारात! जावई असला म्हणून काय झालं?

जम्मूला पोचल्यावर त्यांचा फोन आला. हीटर गार हवा फेकतोय. आणि मला — काय सांगू — कारण माहीत होतं. त्याच क्षणी सगळं आठवलं. तेव्हा नुसतं म्हणायचं होतं, आप्पा, माझ्याकडनं राहिलं, तिथंच जाळी बसवून घ्या आणि मगच वर चढा. जम्मूत काय मिळत नाही? मी काय म्हणालो? म्हणालो, चढाला इंजिन तापलं की हीटर तापेल, जावा बिनघोर.

आणि ते गेले.

वर रस्ता बंद. बर्फ पडलं, गाड्यांची रांग लागली, तीन दिवस जागेवर. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. आवाज थरथरत होता. मग मी काय केलं ऐका. सगळं माहीत असून त्यांना एकेक तपासायला लावलं. पाण्याची लेव्हल बघा. बघितली. हीटरच्या पाईपांना हात लावा — दोन्ही गार? दोन्ही गार. उतरा, इंजिनाजवळ बघा. साठीचा माणूस बर्फात उतरला, माझ्या नाटकासाठी! मला वेळ हवा होता, काय बोलावं ते ठरवायला. मग त्यांचाच आवाज आला, "मिस्त्री, हितं तर दोन्ही पाईप एकमेकांत जोडल्यात की रं."

मी विचारलं, "दौंडला कुणी हात लावला व्हता का?"

एवढंच. नाव घेतलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

परत आले ते एका पायाची दोन बोटं गमावून. थंडीनं काळी पडली होती, त्यात शुगर; जम्मूच्या डॉक्टरांनी कापली. मी नवी जाळी बसवली, हात तापेल अशी गरम हवा काढून दाखवली, आणि पाईपचा तो तुकडा त्यांच्या हातात दिला. तो तुकडा ते दौंडला घेऊन गेले आणि चार गिऱ्हाईकांदेखत विलासच्या पुढ्यात फेकला. म्हणाले, तू माझ्या जिवावर उठलास. सुनीता मधे पडली, तर तिलाही म्हणाले, आजपासून तुझं माहेर संपलं.

विलास माझ्याकडं आला. भांडला नाही — भांडला असता तर बरं झालं असतं. तुकडा पुढं धरला, तार अजून त्यावरच होती. क्लिपऐवजी तार पिळायची आणि तिचं टोक आत मुडपायचं, ही माझी खोड. त्यानं ती माझ्याकडंच बघितलेली. म्हणाला, "मिस्त्री, ही तार कुणाची हाय ते मला कळतंय. तुम्हीच सांगा आप्पास्नी. माझं खरं त्यास्नी आता खरं वाटायचं न्हाई." मी म्हणालो, सांगतो.

आठ वर्षं झाली. सांगितलं नाही. सुनीता दिवाळीला आली नाही, पंचमीला नाही, तिच्या पोरांनी आजोळ बघितलं नाही. आप्पांच्या घरनं मात्र मला दर दिवाळीला फराळाचा डबा यायचा. मी तो खायचो. लाज नाही वाटली? वाटायची. पण खायचो.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नाही. मी अजून त्याच्याभोवतीच फिरतोय.

गेल्या वर्षी आप्पा शिरूरच्या दवाखान्यात होते. किडनी गेली होती. मी भेटायला गेलो, तर त्यांनी मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं. हातात मोबाईल होता. त्यावर सुनीताचा नंबर काढलेला, मला दिसत होता. म्हणाले, "मिस्त्री, खरं सांग. इलासनंच केलं व्हतं ना ते? पोरगं तसं न्हाई वाटत मला."

त्यांना 'न्हाई' ऐकायचं होतं. डोळ्यांत दिसत होतं, देवा! एक शब्द, आणि त्यांनी बटण दाबलं असतं. मार खायचं भय नव्हतं. तो अंथरुणावरचा माणूस मला काय करणार होता? फक्त त्यांच्या नजरेतनं मी उतरलो असतो.

मी म्हणालो, "व्हय आप्पा. त्यानंच."

त्यांनी मोबाईल उशीखाली सारला. म्हणाले, तू तरी माझ्याशी खरं वागलास.

दोन दिवसांनी गेले. सुनीता आली, विलासही आला, फाटकाबाहेर उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. सुनीता आईच्या गळ्यात पडली आणि रडत विचारत होती, जाताना माझं नाव काढलं का? मावशी म्हणाल्या, माझ्यादेखत न्हाई गं, पर परवा मला भाईर धाडून मिस्त्रींशी बोलत व्हते, त्यांना इचार.

ती माझ्याकडं वळली. नंबर काढला होता म्हणावं, तर मग का लावला नाही तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "न्हाई, पोरी. न्हाई काढलं."